मराठी कथा, रंगभूमी आणि पडद्यावरची भुतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूतकथा सुचवा, असं कुणी म्हटलं की माझा तासभर हमखास जातो. एकाला उत्तर देऊन होतं न होतं तोच दुसरा तेच विचारतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत. विषय जिवाभावाचा आहे, आखडतं घेणं जमलं नाही.

मराठीत भूतकथा कधीच वाचली नाही. सुरुवात कुठून करू?

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. आधी या दोघांचं एकेक पुस्तक घ्या आणि कुणाची भीती आपल्याला जास्त लागते ते बघा.

धारप (१९२५–२००८) पुण्याचे. त्यांच्या गोष्टीत अमंगळ खरंच अस्तित्वात असतं. ते बाहेरून येतं, घरात शिरतं आणि त्याच्याशी लढावं लागतं. लढणारा त्यांचा नायक म्हणजे ‘समर्थ’, सोबतीला आप्पा जोशी. समर्थकथा आधी वाचल्या तर शेवटी आधार मिळतो, रात्री झोप लागते. मग ‘लुचाई’, ‘ग्रहण’, ‘चेतकीन’ अशा कादंबऱ्यांकडे वळा.

मतकरी (१९३८–२०२०) मुंबईचे, बरीच वर्षं बँकेत नोकरी केलेले. त्यांचं जगही तसंच चाळीचं, ब्लॉकचं, लोकलचं, ऑफिसातल्या डब्याचं. त्या सरळ जगाला एक बारीक चीर पडते आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत रुंदावत जाते. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘निजधाम’ हे संग्रह कुठल्याही वाचनालयात मिळतील.

मी स्वतः सुरुवात केली ती एका वाचनालयाच्या जुन्या प्रतीवरून. वर्तमानपत्राचं कव्हर, आतल्या पानावर तारखांचे शिक्के, समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं ‘रात्री वाचू नये’. शेवटची चार पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्या गोष्टीचा खरा शेवट मी अकरा वर्षांनी वाचला. तोवर मनात रचलेले शेवट आजही त्याहून जास्त भिववतात.

गूढकथा आणि भयकथा यांत फरक काय?

भयकथेत काय घडतंय ते कळतं आणि त्याची भीती वाटते. गूढकथेत काय घडलं याचीच खात्री राहत नाही. बाईला खिडकीत दिसलेला माणूस होता की तिच्या मनातला अपराध होता? लेखक उत्तर देत नाही, पण दोन्हीकडचे पुरावे मांडून ठेवतो. मतकरींनी ‘गूढकथा’ हा शब्द घरोघरी पोचवला. तो नेमका आहे, कारण त्यांच्या कित्येक गोष्टींत भूत नसतंच. फसवणूक असते, मत्सर असतो, एकटं पडलेलं मूल असतं.

मुंजा, समंध, हडळ, जखीण, खवीस… यांत नक्की फरक काय? सगळी भुतंच ना?

सगळी भुतं खरी, पण प्रत्येकाची जन्मकथा वेगळी. आपल्या भूतकथांचा सगळा ऐवज त्या जन्मकथांत आहे.

मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी वारलेला मुलगा. सोडमुंज व्हायची राहिली, संसार व्हायचा राहिला, म्हणून तो पिंपळावर अडकला. समंध हा घरादारात, जमिनीत, पुरलेल्या धनात जीव गुंतलेला, बहुधा निपुत्रिक गेलेला माणूस. ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. ‘संबंध’ या शब्दाशी त्याचं नातं सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण त्याचा संबंध सुटलेला नसतो. अळवंत म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई. हडळ आणि जखीणही बहुतेक अशाच, अकाली गेलेल्या, इच्छा मागे राहिलेल्या बायका. लावसट ही विधवेचं भूत. गिऱ्हा पाण्याजवळचा, वाटसरूला डोहाकडे ओढणारा. चकवा दिसत नाही, फक्त वाट चुकवतो. रात्रभर चालून पहाटे माणूस त्याच बांधावर उभा. खवीस बलदंड. जुन्या सांगण्यात तो बहुधा दुसऱ्या धर्माचा किंवा गावकुसाबाहेरचा असतो, म्हणजे मेल्यावरही गावानं त्याला आपल्यात घेतलेलं नाही.

ही यादी एकदा सलग वाचून बघा. मुंज होऊन लग्नाआधी गेलेली मुलं, बाळंतपणात गेल्या त्या, विधवा, निपुत्रिक, बुडून मेलेले, गावाबाहेरचे. ज्यांचं देणं समाजानं दिलं नाही त्यांची ही वही आहे. सुखानं म्हातारा होऊन, नातवंडांच्या हातून पाणी घेऊन गेलेल्या माणसाचं भूत मराठीत सहसा सापडत नाही. म्हणून मी भूतकथा हलक्या समजत नाही. चांगल्या भूतकथेत भूत कशानं झालं ते आधी येतं, किंकाळी मग.

वेताळ भूत की देव?

दोन्ही. विक्रमाच्या मानगुटीवर बसून गोष्टी सांगणारा वेताळ कथेतला. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त त्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि ‘मानगुटीवर बसणं’ म्हटलं की मराठी माणसाला आधी तोच आठवतो. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मात्र वेताळ म्हणजे भूतगणांचा राजा आणि गावाचा राखणदार.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला साध्या मापाच्या नाहीत, हातभर लांब. रात्री वेतोबा गावाच्या शिवेवर फिरतो, चालून चालून तळ झिजतात, म्हणून नवा जोड द्यायचा. मी गेलो होतो तेव्हा रांगेनं मांडलेल्या चपलांपुढे एक लहान मुलगी उकिडवी बसून एकेक तळवा न्याहाळत होती. तिला झिजलेली चप्पल शोधायची होती. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. आपला माणूस रात्री कुठवर जाऊन आला ते ती बघत होती.

सगळी भुतं कोकणातच का असतात?

देशावर, विदर्भात, खानदेशातही भरपूर आहेत. कोकणाची जास्त लिहिली गेली, एवढंच. दाट झाडी, दूरदूरची घरं, पावसाळ्यात चार महिने तुटणारी वाट, मोठी सामाईक घरं आणि त्यांतले पिढ्यान्‌पिढ्यांचे वाटणीचे तंटे. यात समंध नाही होणार तर काय होईल? शिवाय तिथे भुतांशी वागायची रीत ठरलेली आहे. देवचार वाट चुकलेल्याला घरी पोचवतो असं मानतात आणि त्याच्या नावानं नारळ ठेवतात. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी घागर काळी’सारख्या कादंबरीत उघड भूत शोधायला जाऊ नका, पण तो काळोख याच मातीतला आहे.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली आली. तिचं चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात झालं आणि मालवणी बोली राज्यभर घराघरांत गेली. कोकणाची बदनामी होते म्हणून तिच्यावर नाराजीही झाली. ती मला समजते, कारण आपलं गाव म्हणजे करणी आणि भानामतीचं गाव असं पाहुण्यांनी म्हणावं हे कुणाला आवडेल? तरीही मालिकेच्या मुळाशी होतं ते एका दांडग्या घरमालकानं केलेलं पाप आणि त्याची मुलांनी केलेली फेड. अण्णा नाईक भूत व्हायच्या आधीच जास्त भयानक होता. पुढचे भाग लोकप्रिय झाले तसा हा धागा पातळ झाला, असं माझं मत आहे.

‘लुचाई’ परदेशी कादंबरीवर बेतलेली आहे म्हणतात. मग धारपांचं स्वतःचं काय?

बेतलेली आहे. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा सांगाडा तिथे आहे. हे लपवण्यासारखं नाही आणि धारपांना मोडीत काढण्यासारखंही नाही. रक्त पिणारा युरोपातला सरदार मराठी गावात आणायचा तर गावानं त्याला ओळखायला हवं. दाराशी कोण उभं आहे, आत घ्यायचं की नाही, देवघरातला दिवा का विझला, हे सगळं मराठी घराच्या रीतीनं बसवावं लागतं. ते धारपांना जमलं. मात्र ज्यांना निखळ धारप हवेत त्यांनी त्यांच्या लघुकथा वाचाव्यात. तिथे दहा-पंधरा पानांत एक वाडा, एक वारसा, एक न उघडायची खोली, आणि वाक्यं अगदी साधी. भयाच्या जागी ते विशेषणं वाढवत नाहीत, वस्तू मोजतात.

‘तुंबाड’ हा मराठी सिनेमा का नाही? आणि हस्तर कुठल्या पुराणात आहे?

भाषा हिंदी, बाकी सारं मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, कथेतली साखळदंडातली म्हातारी धारपांच्या ‘आजी’ या कथेच्या आठवणीतून. सासवडचा पुरंदरे वाडा आणि पावसाळ्यातला खरा पाऊस वापरून तो अनेक वर्षं रखडत पुरा झाला. २०१८ साली प्रदर्शित झाला तेव्हा गर्दी बेताची होती. २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा मात्र लोकांनी चित्रपटगृहं भरली.

‘तुंबाड’मधला हावरट देव हस्तर कुठल्याही पुराणात नाही. तो चित्रपटासाठी रचलेला आहे. तरी लोक हा प्रश्न विचारतात, आणि याहून मोठी पावती लेखकाला मिळणार नाही. तो खरा वाटतो कारण त्याचा शाप ओळखीचा आहे. सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून भुकेल्यापुढे कणकेची बाहुली टाकायची आणि तो ती खाईस्तोवर त्याच्या कमरेची मोहर लुटायची. गोष्ट १९१८ ते १९४७ एवढ्या काळातली, राज्य जातं, वाडा पडतो, हाव मुलाच्या हातात जाते. विहिरीत उतरणाऱ्या मुलाचे पाय बापाहून चपळ आहेत हे दिसतं, तिथे मला हस्तरापेक्षा जास्त धडकी भरते.

बाईचं भूत नेहमी पांढऱ्या साडीत, केस सोडून. याला उत्तर देणारा सिनेमा आहे का?

‘लपाछपी’ (२०१७), दिग्दर्शक विशाल फुरिया. उसाच्या फडात एकटं घर, गरोदर नायिका, तिची काळजी घेणारी मायाळू बाई, आणि लपाछपी खेळायला बोलावणारी पोरं. पूजा सावंत आणि उषा नाईक दोघींनी जीव ओतला आहे. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की तिथली मेलेली माणसं कुणाला घाबरवायला आलेली नाहीत, त्यांची तक्रार आहे, आणि ती तक्रार आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलींच्या घटत्या संख्येची आहे. ऊस हा भुताचा अड्डा करायची कल्पना फार मोलाची. दिवसाही आत चार हातांवरचं दिसत नाही, पानं कापतात आणि वारा नसताना सळसळ होते. फडातून चालत शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. हिंदीत ‘छोरी’ (२०२१) याच दिग्दर्शकानं केला, पण आधी मराठी बघा.

याउलट ‘पाठलाग’ (१९६४, दिग्दर्शक राजा परांजपे). गेलेली बायको पुन्हा समोर येते आणि आपण तासभर शहारतो. उलगडा मात्र इहलोकातला आहे. यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ आला.

आणि ‘मुंज्या’?

२०२४ चा, आदित्य सरपोतदारांचा, भाषा हिंदी. मुंजाची मूळ कल्पना साऱ्या देशाला कळली याचा आनंद आहे. सुरुवातीचा कोकणातला भाग उत्तम. पुढे संगणकानं काढलेलं भूत फार दिसतं, आणि जे फार दिसतं त्याची सवय होते. याच दिग्दर्शकाचा मराठी ‘झोंबिवली’ (२०२२) मला अधिक धीट वाटला, डोंबिवलीची पाणीटंचाई आणि बिल्डरची वसाहत त्यात नीट बसली आहे.

नाटकात भूत कसं दाखवतात? प्रेक्षक हसत नाहीत का?

हसतात, आणि एकदा हसले की प्रयोग गेला. म्हणून जाणते दिग्दर्शक भूत कमी दाखवतात आणि त्याला बघणारा नट जास्त. समोरच्याची नजर कुठे खिळली, आवाज कुठे फुटला, यावर अंधारातली रिकामी जागा भरते.

मराठी रंगभूमीवरच्या एका भुताची कहाणी मला फार आवडते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथे आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी हाती घेतलं, ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून निघालं. पुढे ‘सुधारक’ काढणारा, प्रत्येक रूढीला बुद्धीच्या कसोटीवर घासणारा माणूस कोठडीत बसून मेलेल्या राजाच्या भुताचं बोलणं मराठीत उतरवत होता, ‘माझा खून झाला, सूड घे’. त्यात त्यांना विसंगती वाटली नसावी. भूत खरं की खोटं हा नाटकाचा प्रश्नच नाही, अन्याय खरा की खोटा हा आहे. गणपतराव जोशींनी शाहूनगरवासी मंडळीत हॅम्लेटची भूमिका गाजवली आणि त्या भुताला बघणारे त्यांचे डोळे लोकांच्या आठवणीत राहिले.

मुलांना काय दाखवावं? सहा-सात वर्षांचा मुलगा आहे.

‘अलबत्या गलबत्या’. मतकरींचं हे बालनाट्य मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलं. यातली चेटकीण पुरुष नट करतो. पूर्वी दिलीप प्रभावळकर करत, २०१८ साली वैभव मांगले यांनी केली. प्रयोगाला मुलांकडे बघा. चेटकीण आली की मूल आईच्या कुशीत शिरतं, लगेच बोटांच्या फटीतून बघतं, आणि पुढच्या प्रवेशात स्वतः उभं राहून ओरडून नायकाला सावध करतं. भीती पेलायला शिकण्याची याहून चांगली शाळा नाही.

‘झपाटलेला’ (१९९३) नऊ-दहा वर्षांनंतर दाखवा. महेश कोठारे यांनी परदेशी चित्रपटातली खुनी बाहुल्याची कल्पना घेतली, पण तो बाहुला बनवला रामदास पाध्यांनी, आणि बोलक्या बाहुल्या आपल्याकडे घरच्याच झाल्या होत्या. म्हणून तात्या विंचू परका वाटला नाही. तात्याही प्रभावळकरच! एका नटानं मराठी मुलांना इतकं घाबरवावं आणि सगळ्यांनी त्याच्यावर जीव लावावा, हे भाग्य क्वचित कुणाला मिळतं.

भूतकथा वाचल्यानं अंधश्रद्धा वाढत नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. असे प्रकार आजही घडतात आणि बळी बहुधा आजारी बाई किंवा मूल असतं. घरात कुणाला ‘बाधा’ झाली असं वाटलं तर डॉक्टरकडे न्या, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

कथेतलं भूत वेगळं. ‘असं समजा’ हा करार वाचक स्वखुशीनं करतो आणि पुस्तक मिटलं की तो संपतो. मांत्रिकाचा धंदा त्या करारावर चालत नाही, तो पैसे मागतो. ज्या गोष्टीत भगत खरा ठरतो आणि डॉक्टर मूर्ख, ती मी कुणाला सुचवत नाही. अशा गोष्टी आहेत आणि त्या लिहिल्या जातात याचं वाईट वाटतं.

संतांनी भुतांबद्दल काही लिहिलं आहे का?

एकनाथांचं ‘भूत जबर मोठे गं बाई’ हे भारूड ऐका. बाईला झडपण झाली आहे, देवऋषी बोलावले, लिंबू-नारळ-कोंबड्याचा उतारा केला, काही उपयोग नाही. संबळीच्या ठेक्यात लोक डोलत असतात आणि मग कळतं, हे भूत म्हणजे परमेश्वर. ध्रुवबाळाला लागलं, नारदाला लागलं, सुटलं कुणाचंच नाही. पैठणच्या पंडितानं गावच्या मांत्रिकाची भाषा घेतली आणि तिच्यात देव बसवला. आपण आजही चांगल्या अर्थानं ‘झपाटून काम करतो’, त्या वळणाला हा जुना आधार आहे.

शनिवारवाड्यात खरंच ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं?

नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, ऐन गणेशोत्सवात, वय अठरा. हाक त्या दिवशीची आहे. ‘ध’चा ‘मा’ कुणी केला हे शहर अजून बोलतं, म्हणून ती हाकही टिकली आहे.

जुन्या भुतांची जुनी नोंद कुठे मिळेल?

कोकणच्या लोकसमजुतींचा एक इंग्रजी खंड १९१५ साली एन्थोव्हेन या अधिकाऱ्यानं काढला. मूळ सामग्री नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी जमवलेली. प्रश्नावल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेल्या आणि मास्तरांनी लिहून पाठवलं, आमच्या गावात अमुक झाडावर तमुक राहतो, त्याला काय देतात, तो कशानं मेला. तेच जॅक्सन २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीनं मेले. रंगमंचावर ‘संगीत शारदा’ होतं, म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या पोरीचं नाटक. त्या मास्तरांच्या उत्तरांत अळवंत आणि लावसट यांच्या नोंदी वाचताना मला दर वेळी ते नाटक आठवतं. एकच मुलगी, एका ठिकाणी गाणारी, दुसऱ्या ठिकाणी झाडावर बसलेली. मराठीतून वाचायचं तर रा. चिं. ढेरे आणि दुर्गा भागवत. लोकदैवतं समजली की भुतं आपोआप समजतात.

मला स्वतःला भूतकथा लिहायची आहे. एखादी सूचना?

पडका वाडा, वटवाघूळ आणि अमावस्या तिन्ही एकदम नको. एक जागा घ्या जी तुम्हाला पायाखालची माहीत आहे, सोसायटीची पाण्याची टाकी, एसटीचा शेवटचा थांबा, बंद पडलेली गिरणी. मग ठरवा की मेलेल्याचं कुणाकडे काय राहिलं आहे. ते ठरलं की भूत कुठे उभं राहील हे तेच सांगतं.

घरातल्या मोठ्यांकडून या गोष्टी कशा काढून घ्यायच्या?

‘तुम्ही भूत पाहिलंय का’ असं विचारू नका, ‘छे, काहीतरीच’ म्हणून विषय बंद होतो. ‘लहानपणी तिन्हीसांजेला कुठे जाऊ देत नव्हते?’ असं विचारा. दिवे गेलेले असतील तर उत्तम. मी मावशीला असंच विचारलं, तेव्हा ती परसातल्या विहिरीबद्दल बोलायला लागली. तिथे जखीण आहे म्हणून पोरींना एकटं पाणी शेंदू देत नसत. ‘कोण होती ती?’ विचारल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसली. शेजारच्या घरातली चौदा वर्षांची सून. दुपारी भांडी घासायला गेली ती परत आली नाही. विहिरीवर आता जाळी आहे, त्या घरातल्या कुणालाही तिचं नाव सांगता येत नाही. मावशीनं मात्र ते लगेच सांगितलं, आणि तिला लंगडी किती छान यायची तेही.